मदतीचे माप कोणाचे?

युद्धग्रस्त देशांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मदत गरजेच्या प्रमाणात का मिळत नाही, याचे उत्तर शोधण्यासाठी कीव्ह किंवा सनापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. श्रीवर्धनच्या वाड्या आणि कोल्हापूरजवळची एक जुनी छावणी यांच्याकडे पाहिले तरी ते पुरेसे स्पष्ट होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतील नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दोन दिवसांनी जिल्ह्यासाठी १०० कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर केली. पुढे फळबागांच्या भरपाईचा दरही वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये करण्यात आला. आकडा ऐकावयास भरघोस होता. परंतु कोकणातील वाडी हेक्टरात मोजली जात नाही, ती गुंठ्यांत मोजली जाते. एका हेक्टरात साधारण शंभर गुंठे. म्हणजेच दहा गुंठ्यांच्या वाडीच्या मालकाच्या वाट्याला या हिशेबाने पाच हजार रुपये येणार. त्या दहा गुंठ्यांत शंभरएक पोफळी सहज उभ्या असतात, आणि नव्याने लावलेली पोफळ फळाला येण्यास सहा-सात वर्षे जातात. साहजिकच बागायतदारांनी हेक्टरऐवजी झाडामागे भरपाई द्यावी, अशी मागणी लावून धरली.

या प्रकरणात कोणाची लबाडी होती, असे म्हणता येणार नाही. मोठ्या, सलग फळबागांसाठी आखलेले माप लहान वाडीला लावले गेले, एवढेच. मात्र मदत किती मिळणार हे नुकसानावर जितके अवलंबून असते, तितकेच ती मोजण्यासाठी कोणते एकक निवडले यावरही असते, हा धडा रायगडच्या किनाऱ्याला त्या पावसाळ्यात मिळाला. जागतिक मदतव्यवहाराचे गणित यापेक्षा फारसे निराळे नाही.

पंधरा दिवसांतील दोन परिषदा

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केले. १ मार्च रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने युक्रेनमधील नागरिक आणि तेथून बाहेर पडणारे निर्वासित यांच्यासाठी १.७ अब्ज डॉलरचे तातडीचे आवाहन केले. त्याच दिवशी सुमारे दीड अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली. ४ मार्च रोजी युरोपीय महासंघाने युक्रेनच्या निर्वासितांना तात्पुरते संरक्षण देणारा निर्देश अमलात आणला. हा निर्देश २००१ साली तयार झाला होता आणि तोवर एकदाही वापरला गेला नव्हता. २०१५ साली सीरियातून लाखो लोक युरोपच्या दारात आले, तेव्हाही तो कपाटातच राहिला होता.

१६ मार्च २०२२ रोजी येमेनसाठी निधी परिषद झाली. येमेनमधील युद्ध तेव्हा आठव्या वर्षात होते. मागणी ४.२७ अब्ज डॉलरची होती; आश्वासने मिळाली १.३ अब्जांची. महिनाअखेर अफगाणिस्तानसाठी ४.४ अब्ज डॉलर मागितले गेले आणि सुमारे २.४ अब्जांची आश्वासने मिळाली. एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक टेड्रोस गेब्रेयेसुस यांनी जग सर्व मानवांना सारखे वागवत नाही, असे उघडपणे म्हटले. त्यांच्या डोळ्यांपुढे इथिओपियातील टिग्रे प्रांत होता. ते स्वतः टिग्रेचे आहेत, म्हणून त्यांच्या बोलण्याकडे काहींनी दुर्लक्ष केले. परंतु आकडे त्यांच्या बाजूने होते.

युक्रेनच्या नागरिकांना जे मिळाले ते अवाजवी होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. तेथे मदत पोहोचविणे तुलनेने सोपेही होते. बँका चालू होत्या, रस्ते आणि रेल्वे चालू होत्या, थेट खात्यात रक्कम देता येत होती. याउलट येमेनमध्ये धान्य लाभार्थ्यांऐवजी भलतीकडे वळविले जाते, या कारणावरून जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१९ साली हुथी बंडखोरांच्या ताब्यातील सना येथील वाटप अंशतः थांबविले होते. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर येमेनमधील सर्वसाधारण अन्नवाटप पुन्हा स्थगित करावे लागले. देणगीदार राष्ट्रे या अडचणींकडे बोट दाखवितात आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही. तथापि पहिल्या दिवसाची आश्वासने वाटपाच्या अडचणी तपासून दिली जात नाहीत. ती कोणाचे दुःख आपले वाटते, यावरून दिली जातात.

आपणही या बाबतीत फार वेगळे नाही. रायगडच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर अरबी समुद्रापलीकडे ओमान, त्याच्या डावीकडे येमेन आणि तांबड्या समुद्रापलीकडे सुदान. चौल बंदराचा तांबड्या समुद्राशी व्यापार चालत असे, याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनापासून सापडते. असे असूनही मराठी वाचकाला युक्रेनच्या शहरांची नावे पाठ झाली आणि १५ एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये पेटलेले युद्ध, ज्याने सव्वा कोटीच्या घरात लोकांना बेघर केले, ते आतल्या पानावरच्या चार ओळींतून क्वचितच बाहेर आले.

तिजोरी नसलेली व्यवस्था

संयुक्त राष्ट्रसंघाला सदस्य राष्ट्रे ठराविक प्रमाणात वर्गणी देतात. परंतु ती संघटनेच्या प्रशासकीय खर्चासाठी असते. शांतिसेनेसाठी निराळी आकारणी होते. निर्वासितांचे तंबू, धान्य, औषधे, लसी यांचा खर्च जवळजवळ संपूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालतो. दर वर्षअखेरीस संघाचे मानवतावादी कामकाज पाहणारे कार्यालय देशोदेशींच्या गरजांची बेरीज करून पुढील वर्षासाठी आवाहन करते आणि मग वर्षभर देणगीदारांकडे पाहत बसते. देणगीदारही मोजके. २०२४ साली या मार्गाने आलेल्या एकूण निधीपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या अमेरिकेचा होता. शिवाय बहुतेक राष्ट्रे आपली रक्कम अमुक देशासाठी, अमुक कामासाठीच वापरावी, अशी अट घालतात. त्यामुळे एका देशासाठी आलेला पैसा पडून राहिला तरी दुसरीकडच्या उपाशी माणसाकडे तो वळविता येत नाही.

ही व्यवस्था नेहमीच अशी नव्हती. एकेकाळी मदतीच्या वर्गणीसाठी निश्चित नियम होता. तो नियम आणि त्यातील मोठे भोक, या दोन्हींशी भारताचा फार जवळचा संबंध आला.

वर्गणी आठ कोटींची

दुसरे महायुद्ध चालू असताना, ९ नोव्हेंबर १९४३ रोजी ४४ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी वॉशिंग्टनमध्ये एका करारावर सह्या केल्या आणि 'उन्रा' ही मदत व पुनर्वसन संस्था जन्माला आली. तिच्या नावातील 'संयुक्त राष्ट्रे' म्हणजे आजचा संयुक्त राष्ट्रसंघ नव्हे. तो दोन वर्षांनी स्थापन झाला. त्या वेळी हा शब्द दोस्त राष्ट्रांसाठी वापरला जात असे. ज्या सदस्य राष्ट्रांच्या भूमीवर शत्रूने ताबा मिळविलेला नाही, त्यांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्का रक्कम द्यावी, अशी शिफारस संस्थेने केली. ब्रिटिश अंमलाखालील भारत हा करारात सहभागी होता आणि शत्रूच्या ताब्यात न गेलेल्या राष्ट्रांत गणला गेला. भारताच्या वतीने आठ कोटी रुपये देण्यात आले.

ज्या महिन्यात ही सही झाली, त्या महिन्यात बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरून पडत होती. ब्रह्मदेश १९४२ साली जपानच्या हाती गेल्याने तेथून येणारा तांदूळ बंद झाला होता. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनारपट्टीवरील होड्या सरकारने काढून घेतल्या होत्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाचा तडाखा बसला होता आणि युद्धखर्चाने भाव आकाशाला भिडले होते. दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५ साली मृतांचा अंदाज सुमारे पंधरा लाख दिला. अमर्त्य सेन यांच्यासह नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या आसपास नेला. येथेही एक व्याख्या आड आली होती. मुंबई इलाख्यातील विजापूर जिल्ह्यात १९४२-४३ साली दुष्काळ पडला, तेव्हा दुष्काळ संहितेनुसार कामे काढण्यात आली. बंगाल सरकारने मात्र त्या संहितेखाली दुष्काळ जाहीरच केला नाही.

'उन्रा'चा पैसा बंगालला का मिळाला नाही? कारण ही मदत शत्रूच्या ताब्यातून मुक्त झालेल्या प्रदेशांसाठी होती. बंगाल शत्रूच्या ताब्यात कधी गेलाच नव्हता. युद्धामुळे तेथे उपासमार झाली होती हे खरे. परंतु नियमाच्या दृष्टीने तो युद्धग्रस्त प्रदेश नव्हता. अमेरिकेतील भारतीयांचे नेते जे. जे. सिंग यांनी या अन्यायाविरुद्ध तेथील लोकप्रतिनिधींकडे खटपट केली. परिणामी मार्च १९४४ मध्ये संमत झालेल्या अमेरिकी कायद्यात, लष्करीदृष्ट्या महत्त्वाच्या आणि दुष्काळ वा रोगराईने ग्रासलेल्या प्रदेशांनाही या निधीतून मदत देता यावी, अशी शिफारस कार्ल मुंट यांच्या दुरुस्तीद्वारे घालण्यात आली. दार किंचित उघडले. परंतु त्यातून आत जाण्यासाठी अर्ज भारत सरकारने करावयाचा होता, आणि लंडनच्या धोरणाने बांधलेल्या त्या सरकारने तो केला नाही.

जहाजांची टंचाई, हे कारण सांगितले गेले. कॅनडाने एक लाख टन गहू देऊ केला होता. तो आणण्यासाठी जहाजे उपलब्ध करून देण्यात आली नाहीत. व्हाइसरॉय वेव्हेल वारंवार धान्य मागत राहिले. अखेर एप्रिल १९४४ मध्ये चर्चिल यांनी रूझवेल्ट यांच्याकडे जहाजांसाठी विनंती केली, ती १ जून रोजी नाकारण्यात आली. पाच दिवसांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले.

'उन्रा'ने केवळ युरोपलाच पोसले, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. देशवार रक्कम पाहिली तर सर्वांत मोठा लाभार्थी चीन होता. त्याला सुमारे ५२ कोटी डॉलरचे साहाय्य मिळाले. त्याखालोखाल पोलंड, इटली, युगोस्लाव्हिया आणि ग्रीस. परंतु चीनची लोकसंख्या तेव्हा पन्नास कोटींच्या आसपास होती, आणि सुमारे ३५ कोटी डॉलर मिळविणाऱ्या ग्रीसची ऐंशी लाखांहूनही कमी. चिनी माणसाच्या वाट्याला एक डॉलर आला, तर ग्रीक माणसाच्या वाट्याला चाळीसहून अधिक.

वळिवड्याच्या बराकी

हे सर्व घडत असताना महाराष्ट्रातच एक निराळे दृश्य दिसत होते. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ साली पूर्व पोलंडमधून लक्षावधी लोकांना सैबेरिया आणि मध्य आशियात हाकलले होते. १९४१ च्या उन्हाळ्यात हिटलरने रशियावर स्वारी केल्यावर त्यांची सुटका झाली आणि त्यातील एक लाखाहून अधिक लोक इराणमार्गे बाहेर पडले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला, ही हकिकत आता बऱ्यापैकी परिचित आहे. त्याहून कितीतरी मोठी वसाहत १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेकाठच्या वळिवडे येथे उभी राहिली. सुमारे पाच हजार लोक, बहुतांश स्त्रिया, मुले आणि वृद्ध. बराकींच्या रांगा, चर्च, शाळा, दवाखाना, नाट्यगृह, बालवीरांची पथके. पोलंडचे एक छोटे गावच सह्याद्रीच्या पलीकडे वसले.

या लोकांनी बर्फात आप्त गमावले होते, आणि कोल्हापूरकरांनी त्यांना जे प्रेम दिले त्याची आठवण त्यांनी जन्मभर जपली. प्रश्न त्यांच्या पात्रतेचा नव्हे. प्रश्न असा, की त्यांच्या मागे एक सरकार होते. लंडनमधील परागंदा पोलिश सरकार त्यांचा खर्च उचलीत असे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतल्यावरही ही माणसे उघड्यावर पडली नाहीत. त्यांची जबाबदारी 'उन्रा'कडे आणि पुढे तिची जागा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली.

मग त्याच बराकींत दुसरे निर्वासित आले. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबे तेथे वसविण्यात आली आणि त्या वस्तीला गांधीनगर हे नाव मिळाले. आज ते कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. छप्पर तेच, भिंती त्याच. पूर्वीच्या रहिवाशांसाठी आंतरराष्ट्रीय निधी होता. नव्या रहिवाशांसाठी नव्हता. आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने जुलै १९४७ मध्ये काम सुरू केले, म्हणजे फाळणीच्या ऐन तोंडावर. परंतु तिच्या व्याख्येतील निर्वासित हा महायुद्धाने विस्थापित केलेला आणि आपल्या राष्ट्राचे संरक्षण गमावलेला माणूस होता. कराचीहून आलेल्या सिंध्याला सीमा ओलांडताच नवे राष्ट्र मिळाले होते. म्हणून तो निर्वासित नव्हता! १९५१ च्या जनगणनेत भारतात अशा विस्थापितांची संख्या सत्तर लाखांहून अधिक नोंदविली गेली. त्यांचा भार ज्या राष्ट्राने उचलला, ते जेमतेम चार वर्षांचे होते.

त्याच वर्षी झालेल्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारातही १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांची मर्यादा होती, आणि त्या घटना केवळ युरोपातील मानण्याची मुभा सही करणाऱ्यांना होती. १९६७ च्या जोडकराराने या मर्यादा दूर केल्या. भारताने दोहोंवर आजतागायत सही केलेली नाही; यामागे पुढील अनेक कारणे असली तरी हा पहिला अनुभव विसरता येत नाही.

महाडच्या देशमुखांची खुर्ची

युद्धानंतरच्या उभारणीचा पैसा कोणाला द्यायचा, याची चर्चा जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे झाली. त्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. त्यांचा जन्म रायगड किल्ल्याच्या परिसरातील, महाड तालुक्यातील नाते गावचा, आणि १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले तेही कुलाबा मतदारसंघातून. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावानेच ओळखला जात असे. शिष्टमंडळाचे नेते ब्रिटिश अर्थसदस्य जेरेमी रेझमन होते. सोबत षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ होते.

नाणेनिधीच्या उद्दिष्टांत अविकसित देशांच्या साधनसंपत्तीचा पूर्ण वापर व्हावा, याचा उल्लेख असावा, असा आग्रह या शिष्टमंडळाने धरला. तो मान्य झाला नाही. विकास हे जागतिक बँकेचे काम आहे, असे सांगण्यात आले. बँकेच्या सनदेत पुनर्रचना आणि विकास या दोहोंचा समन्यायाने विचार करण्याचे कलम आहे. प्रत्यक्षात पहिले कर्ज मे १९४७ मध्ये फ्रान्सला मिळाले, २५ कोटी डॉलरचे. त्यामागून नेदरलँड्स, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग. भारताला पहिले कर्ज ऑगस्ट १९४९ मध्ये, रेल्वेसाठी, ३ कोटी ४० लाख डॉलरचे मिळाले. आशियाला मिळालेलेही ते पहिलेच. बॉम्बने उद्ध्वस्त झालेला कारखाना पुन्हा उभारणे ही तातडीची बाब ठरली. जेथे कारखाना मुळात उभाच राहू दिला गेला नव्हता, तेथील गरज रांगेत मागे गेली.

१९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी लोक भारतात आले, तेव्हा परदेशी मदत आली, परंतु ती खर्चाचा एक भागच भागवू शकली. उरलेल्यासाठी नोव्हेंबर १९७१ पासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावणे सक्तीचे करण्यात आले. साठीपुढच्या वाचकांना ते आठवत असेल. कोकणातून मुंबईला जाणाऱ्या खुशालीच्या पत्रानेही या निर्वासितांचा थोडा भार वाहिला.

आज भारत स्वतः देणगीदारांच्या रांगेत बसतो. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेला २०१८ पासून दरवर्षी ५० लाख डॉलर देण्याचे धोरण त्याने ठेवले. अफगाणिस्तानला ५० हजार टन गहू देण्याचे जाहीर करून फेब्रुवारी २०२२ मध्ये अटारीमार्गे त्याची रवानगी सुरू केली. मात्र भारताचीही बहुतांश मदत शेजार आणि परराष्ट्रधोरण पाहूनच दिली जाते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सामायिक निधीत टाकलेली रक्कम त्यामानाने किरकोळ असते. ज्या राष्ट्राने १९४३ साली या पद्धतीचे चटके सोसले, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवणे चूक ठरू नये.

आखडलेली यादी

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठविली आणि १ जुलैपासून 'यूएसएड' या संस्थेचे स्वतंत्र काम थांबले. इतर काही श्रीमंत राष्ट्रांनीही हात आखडता घेतला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ सालासाठी सुमारे १९ कोटी लोकांकरिता ४७ अब्ज डॉलर मागितले होते. जून २०२५ मध्ये त्याच आराखड्यातून 'अतिप्राधान्याची' एक निराळी यादी काढण्यात आली. ती ११ कोटी ४० लाख लोकांची आणि २९ अब्ज डॉलरची होती. त्यासाठी गरजेच्या तीव्रतेची पायरी वर सरकविण्यात आली. सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांवरील प्रदेशांना प्रथम स्थान मिळाले. त्याखालच्या पायरीवरील गावांत धान्य वा औषधे त्या महिन्यात अधिक उपलब्ध झाली होती, असे नाही. डिसेंबर २०२५ मध्ये पुढील वर्षाचे आवाहन निघाले, तेव्हा एकूण मागणी ३३ अब्ज डॉलरची होती, आणि त्यातही आधी २३ अब्ज तरी द्यावेत, म्हणजे किमान ८ कोटी ७० लाख लोकांपर्यंत पोहोचता येईल, अशी विनंती करण्यात आली.